आधी कापड, मग पाणी, शेवटी यंत्र
घरच्या घरी गाडी धुण्याच्या साधनांची निवड

घरच्या घरी चारचाकी धुण्यासाठी साधने घ्यायची ठरली, की खरेदीची सुरुवात बहुधा सर्वांत महाग वस्तूपासून, म्हणजे प्रेशर वॉशरपासून होते, आणि पुसायच्या कापडापर्यंत येता येता हौस आणि पैसे दोन्ही संपत आलेले असतात; त्यामुळे हजारो रुपयांचे यंत्र आणि जुन्या बनियनचा फडका अशी विजोड जोडी कितीतरी घरांच्या पार्किंगमध्ये दिसते. दसऱ्याच्या पूजेआधी गाडी लख्ख करायची असो, की गणपतीहून परतल्यावर चाकांच्या कमानीत बसलेला कोकणातला तांबडा चिखल काढायचा असो, गाडीच्या रंगाचे नुकसान होते ते मुख्यतः पाण्याच्या झोताखाली नव्हे, तर त्यानंतर फिरणाऱ्या हाताखाली. साधनांचा क्रम म्हणूनच उलटा लावायला हवा, म्हणजे रंगाला प्रत्यक्ष स्पर्श करणाऱ्या वस्तू आधी निवडाव्यात, मग पाणी किती आणि कसले मिळते ते पाहावे, आणि यंत्राचा निर्णय या दोन्हींची उत्तरे हाती आल्यावर घ्यावा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

रंगाचा थर आणि धुळीचा कण

गाडीचा रंग म्हणून जो दिसतो तो एक थर नसून थरांची चळत असते. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक लेप चढवला जातो, त्यावर प्रायमर, त्यावर रंगद्रव्य असलेला बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक असा क्लिअर कोट बसतो. या साऱ्याची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाडीला चमक देणारा आणि ऊन-पाऊस अंगावर घेणारा क्लिअर कोट यांपैकी केवळ ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या डोक्यावरच्या केसाहूनही बारीक असतो. त्यावर उमटलेले ओरखडे पॉलिश करून काढता येतात हे खरे, पण पॉलिश म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंतचा भोवतालचा थर घासून कमी करणे होय, आणि इतक्या पातळ थरावर हा उपाय मोजक्याच वेळा करता येतो.

धूळ कोणत्या खनिजाची आहे यावर ओरखड्यांचे प्रमाण पुष्कळसे ठरते. खनिजांचे काठिण्य मोजण्यासाठी १ ते १० अशी मोह्‌सची मोजपट्टी वापरतात, आणि तिच्यावर दख्खनच्या काळ्या पाषाणातील फेल्डस्पार सुमारे ६, पायरॉक्सीन ५ ते ६, तर नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूतील क्वार्ट्‌झ ७ वर येते. चाकूचे साधे पाते सुमारे साडेपाचवर असते, आणि क्लिअर कोट तर या सर्वांहून फारच मऊ असतो. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकणे म्हणजे हे कठीण कण मऊ थरावरून ओढत नेणे. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर ऊन तिरपे पडले असता सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात, ज्यांना या व्यवसायात स्वर्ल मार्क म्हणतात, ती याच घर्षणातून तयार होतात. ते ओरखडे मुळात गोल नसतात. ते सर्व दिशांना पसरलेले असतात, पण प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, आणि म्हणून प्रकाशबिंदूभोवती वर्तुळाचा भास होतो. पांढऱ्या गाडीवरही ते असतातच, फक्त नजरेत भरत नाहीत.

रंगाला लागणाऱ्या वस्तू

चांगल्या कापडाची कसोटी अशी, की सुटलेला कण त्याने पृष्ठभागावर न ठेवता स्वतःच्या पोटात घ्यावा. जुन्या सुती कापडाचा पृष्ठभाग सपाट असल्याने कण कापड आणि रंग यांच्यामध्येच अडकून घासला जातो, शिवाय बनियनची शिवण आणि सदऱ्याची बटणपट्टी या स्वतःच ओरखडे काढतात. स्पंजचीही अडचण हीच असते, कारण त्याचा सपाट तळ धुळीला आत शिरू देत नाही. मायक्रोफायबरचे कापड येथे सरस ठरते. ९,००० मीटर लांब धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरेल तितके त्याचे डेनियर, असे तंतूच्या बारकाईचे माप आहे, आणि एक डेनियरहून बारीक तंतूला मायक्रोफायबर म्हणतात. जपानच्या तोरे कंपनीतील मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म तंतूंवर केलेल्या कामातून १९७० मध्ये कृत्रिम स्वेड कापड बाजारात आले, आणि पुढे याच जातीच्या तंतूंचा पुसण्याच्या कापडासाठी सर्रास उपयोग होऊ लागला. आज मिळणाऱ्या चांगल्या कापडात पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांचे प्रमाण बहुधा ८० : २० किंवा ७० : ३० असते, या दोन घटकांचा जुळा तंतू प्रक्रियेत चिरला जातो, त्याच्या फटींमध्ये पाणी आणि धूळ ओढली जाते, आणि पॉलिअमाइडचा वाटा अधिक असेल तर कापड सहसा अधिक पाणी धरते.

खरेदी करताना जीएसएम हा आकडा पाहावा. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन तो सांगतो. दरवाजाच्या कडा, डॅशबोर्ड व काचा यांसाठी ३०० ते ४०० जीएसएमचे कापड पुरेसे होते, तर रंगावरचे पाणी टिपायला ६०० पासून पुढचा दाट टॉवेल सोयीचा पडतो, कारण तो न घासता नुसता पसरून उचलला तरी पाणी शोषून घेतो. केवळ जीएसएम जास्त म्हणून कापड चांगले, असे मात्र नाही. कापडावर पाण्याचा थेंब टाकून तो लगेच आत जिरतो की वर डुलत राहतो ते पाहावे, काठावरची शिलाई टोचरी आहे का ते गालावर फिरवून तपासावे, आणि कापडाला शिवलेली कंपनीची कडक पट्टी वापरण्यापूर्वीच कापून टाकावी. ही कापडे घरातल्या सुती कपड्यांबरोबर धुतली तर त्यांत सुताची लव अडकते, आणि फॅब्रिक कंडिशनर घातले तर तंतूंवर थर बसून शोषणशक्ती जाते. त्यामुळे ती वेगळी, साध्या पातळ डिटर्जंटमध्ये धुऊन सावलीत वाळवावीत. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याखेरीज पुन्हा रंगाला लावू नये.

प्रत्यक्ष घासण्यासाठी मायक्रोफायबरचे लांब गोंडे असलेला हातमोजा, म्हणजे वॉश मिट, आणि त्याच्या जोडीला दोन बादल्या लागतात. एका बादलीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी ठेवायचे, एक भाग पुसून झाला की मिट आधी साध्या पाण्यात खळबळून धूळ सोडवायची आणि मगच पुन्हा शॅम्पूत बुडवायची, अशी ही रीत आहे. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी प्लास्टिकची जाळी ठेवली तर खाली बसलेली रेती पुन्हा ढवळून वर येत नाही. यासाठी मिळणारी खास जाळी घ्यावी किंवा स्वयंपाकघरातली जुनी प्लास्टिकची चाळणी उलटी घालावी, काम सारखेच होते. चाकांवर ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा थर असतो, म्हणून त्यांचा ब्रश, कापड आणि पाणी स्वतंत्र ठेवणे आवश्यक आहे. पुसण्याचा क्रम टपापासून खाली यावा, कारण सर्वाधिक रेती दरवाजांच्या खालच्या भागात आणि मागच्या बंपरवर साचलेली असते.

पाणी किती आणि कसले

शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात दरडोई दररोज १३५ लीटर हे प्रमाण धरले जाते, आणि मिनिटाला १२ लीटर पाणी देणारी साधी नळी दहा मिनिटे उघडी राहिली तर १२० लीटर, म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्याच्या जवळपास पाणी गाडीवरून वाहून जाते. बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने मार्च २०२४ मधील टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड ठेवला होता, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते, हे लक्षात घेतले तर साधनांची निवड ही पाण्याच्या हिशेबाचीही बाब ठरते. नळीच्या टोकाला खटक्याचे नोझल बसवले, म्हणजे बोट दाबल्याशिवाय पाणी येणार नाही अशी सोय केली, तर अत्यंत कमी खर्चात मोठी बचत होते. पाइप जमिनीवर वाहता सोडून हाताने गाडी घासण्याची सवय या एका वस्तूने मोडते.

पाण्याचा दर्जा हा त्याहून दुर्लक्षित विषय आहे. पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांना टीडीएस म्हणतात, आणि भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात त्यांचे स्वीकारार्ह प्रमाण लीटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत मुभा दिलेली आहे. पिण्यास योग्य असे ५०० टीडीएसचे एक लीटर पाणी गाडीवर सुकले, तर अर्धा ग्रॅम क्षार मागे राहतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असल्याने त्याचे पांढरे गोल डाग काचेवर आणि गडद रंगावर लवकर दिसतात, आणि तापलेल्या पत्र्यावर ते इतके घट्ट बसतात की नुसत्या पाण्याने निघत नाहीत. यावरचा पहिला उपाय यंत्र नव्हे, तर सावलीत धुणे आणि पाणी आपोआप सुकण्याआधी टॉवेलने टिपणे हा आहे.

घरातच उपलब्ध असलेल्या दोन पाण्यांविषयी येथे सांगायला हवे. आरओ शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी गाडीसाठी साठवण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि ती स्तुत्यही आहे, परंतु त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. म्हणून ते चाके आणि चिखलाची पहिली धुलाई यांपुरतेच वापरावे, शेवटच्या फेरीसाठी नव्हे. याउलट एअर कंडिशनरच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्प थंड होऊन तयार झालेले असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि मुंबई-गोव्याच्या दमट हवेत ते दिवसाकाठी काही लीटर सहज जमते. ते शेवटी गाडीवर ओतायला उत्तम. पावसाचे पाणीही याच कामाचे आहे.

पाण्याची चणचण असेल तेथे रिन्सलेस वॉश नावाचे द्रावण उपयोगी पडते. त्यातील बहुवारिके, म्हणजे लांब साखळीचे रेणू, धुळीच्या कणाभोवती वंगणासारखा थर तयार करतात आणि द्रावण धुऊन टाकावे लागत नाही. त्यामुळे आठ-दहा लीटरच्या एका बादलीत अख्खी गाडी होते. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र ही पद्धत लावू नये.

फेसाचे काम

शॅम्पूतील द्रव्ये पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, म्हणजे पाण्याला थेंबाथेंबाने न थांबता पसरायला आणि धुळीखाली शिरायला मदत करतात, आणि मिट व रंग यांच्यामध्ये निसरडेपणा आणतात. हा निसरडेपणा हाच शॅम्पूचा मुख्य गुण होय. फेस किती दाट आला हे त्यामानाने गौण आहे. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते, भांड्यांचे द्रव वॅक्सचा संरक्षक लेप उतरवते, म्हणून पीएच ७ च्या आसपासचा, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, गाडीचाच शॅम्पू घ्यावा. फेस फवारण्यासाठी प्रेशर वॉशर असलाच पाहिजे, हा समज चुकीचा आहे; बागेत औषध मारायच्या हातपंपासारखी दीड-दोन लीटरची फोम स्प्रेची बाटली हवा भरून वापरता येते आणि फ्लॅटच्या पार्किंगला ती सोयीची असते. यंत्राला जोडायची फोम लान्स घ्यायची झाल्यास तिची जोडणी आपल्या यंत्राच्या बंदुकीला बसते का ते आधी पाहावे, कारण कंपनीगणिक खाचा वेगळ्या असतात. लान्समधील छिद्र बहुधा १.२५ मिलिमीटरचे येते. कमी प्रवाहाच्या घरगुती यंत्राला १.१ मिलिमीटरचे लावल्यास फेस दाट होतो. फेस तीन-चार मिनिटे राहू द्यावा, पण सुकू देऊ नये.

खोक्यावरचे आकडे

जर्मनीत आल्फ्रेड कार्चर यांच्या कंपनीने १९५० मध्ये युरोपातील पहिले गरम पाण्याचे उच्चदाब धुलाईयंत्र तयार केले, आणि घरगुती वापराचे हलते यंत्र त्याच कंपनीने १९८४ मध्ये आणले. यंत्राचा जन्म औद्योगिक मळ काढण्यासाठी झाला, आणि आजही त्याचा गुण सुटा चिखल व रेती दूर उडवण्यातच आहे. झोत कितीही जोराचा असला तरी पृष्ठभागाला अगदी लगटून असलेला पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा जवळजवळ स्थिर राहतो, आणि त्यात दडलेली सर्वांत बारीक धूळ व रस्त्यावरच्या धुराचा तेलकट थर झोताने जात नाही; वाळल्यावर गाडी पुन्हा मळकट दिसते ती त्यामुळेच. शेवटचा थर कापडानेच निघतो, आणि यंत्राला खरेदीच्या यादीत शेवटचे स्थान देण्याचे मुख्य कारण हेच आहे.

तरीही यंत्र घ्यायचे असेल तर त्याच्या खोक्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. दाब बारमध्ये दिलेला असतो. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाचा भार, आणि दहा मीटर उंचीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला साधारण तेवढाच दाब मिळतो. दाब आणि दर मिनिटाचा प्रवाह यांचा गुणाकार करून त्याला ०.६ ने भागले, की पाण्याला दिलेली शक्ती वॅटमध्ये मिळते. १,४०० वॅटच्या यंत्रावर १५० बार आणि ८ लीटर असे दोन्ही आकडे छापलेले असतील, तर हा हिशेब २,००० वॅट येतो. म्हणजे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळणे अशक्य असून, एक कमाल दाब आणि दुसरा कमाल प्रवाह, असे ते वेगवेगळ्या स्थितींतले आहेत. १,८०० वॅटच्या यंत्रात मोटार व पंपातील घट वजा जाता सुमारे १,२०० वॅट पाण्याला मिळाले, तर ११० बार आणि साडेसहा लीटर ही वास्तव अपेक्षा ठरते. गाडीसाठी यापेक्षा अधिक दाबाची गरज नाही. म्हणून ‘कमाल’ शब्दामागचा आकडा बाजूला ठेवून ‘रेटेड’ किंवा ‘वर्किंग’ दाब विचारावा.

मोटार दोन प्रकारची असते. कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटार हलकी व स्वस्त असली तरी कर्कश चालते आणि तिचे ब्रश झिजतात. इंडक्शन मोटार जड व महाग, पण शांत आणि दीर्घायुषी असते. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे वापरणाऱ्याला पहिली पुरते. बंदुकीचा खटका सोडताच मोटार थांबवणारी ऑटो स्टॉपची सोय मात्र असावी, नाहीतर पंपात तेच पाणी फिरत राहून तापते. नळी निदान आठ मीटरची घ्यावी, कारण चार मीटर लांबीच्या गाडीचा घेर साडेअकरा मीटरच्या आसपास भरतो आणि आखूड नळी असली की पाण्यातून यंत्र ओढत फिरावे लागते. नोझलना रंगांची खूण असते : लाल म्हणजे शून्य अंशाचा सुईसारखा झोत, पिवळा १५, हिरवा २५ आणि पांढरा ४० अंशांचा. रंगावर पांढरा किंवा हिरवा, तोही निदान एक फूट अंतरावरून वापरावा. लाल नोझल गाडीजवळ आणूच नये, आणि टायरची बाजू, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या, निघू लागलेले स्टिकर व पूर्वी रंगकाम झालेला पॅनेल यांवर कोणताही झोत जवळून मारू नये.

यंत्र घेण्याआधी पंधरा लीटरची बादली नळाखाली धरून ती भरायला लागणारा वेळ मोजावा. तीन मिनिटे लागली तर नळ मिनिटाला पाचच लीटर देतो, आणि साडेसहा लीटर मागणारा पंप त्यावर उपाशी राहून हवा ओढू लागतो व लवकर खराब होतो. अशा ठिकाणी पिंपातून पाणी ओढणारे सेल्फ-सक्शनचे यंत्र आणि तळाशी गाळणी असलेली नळी घ्यावी. विजेच्या बाजूने १,८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे आठ अ‍ॅम्पिअर, त्यामुळे ६ अ‍ॅम्पिअरचा साधा प्लग चालणार नाही. १६ अ‍ॅम्पिअरचा पॉवर प्लग, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरला वीज तोडणारा आरसीसीबी एवढी सोय हवी. दुसऱ्या मजल्यावरून खिडकीतून सोडलेली बारीक एक्स्टेन्शन वायर आणि तिचा ओल्या फरशीवर पडलेला जोड, हा प्रकार जिवावर बेतणारा आहे.

घर तशी साधने

नळ, निचरा आणि पॉवर प्लग तिन्ही हाताशी असलेल्या बंगल्याला यंत्र शोभते. किनारपट्टीवर तर गाडीच्या पोटाखाली साचणारा चिखल आणि खाऱ्या हवेतील मीठ गोड्या पाण्याने काढण्यासाठी त्याचा खरा उपयोग होतो, कारण तेथे कापड पोहोचत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जेथे नळ सामाईक असतो आणि पाणी सांडण्यावरून तंटे होतात, तेथे दोन बादल्या, एक मिट, फोमची बाटली, सहा कापडे आणि एक दाट टॉवेल एवढ्यावर अधिक चांगले काम होते. आठवड्याला दोन बादल्याही मिळत नाहीत अशा गावात रिन्सलेस द्रावण आणि भरपूर स्वच्छ कापडे हा मार्ग राहतो, आणि चिखल झालाच तर वॉशिंग सेंटर गाठावे.

या साऱ्या विवेचनात एक घटक बहुतेक वेळा गृहीत धरला जातो, तो म्हणजे गाडी धुणारा माणूस. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये पुष्कळ गाड्या मालक धुतच नाहीत. पहाटे येणारा गाडी पुसणारा एकाच बादलीत आणि एकाच फडक्यावर ओळीने कितीतरी गाड्या उरकतो, त्यामुळे एका गाडीवरची रेती दुसरीच्या बॉनेटवर फिरते, आणि ठरलेल्या महिन्याच्या पैशांत त्याने प्रत्येक गाडीला नवे पाणी घ्यावे अशी अपेक्षा धरणेही अन्यायाचे आहे. अशा घरांसाठी साधनांची निवड म्हणजे त्याच्या हाती काय द्यायचे याची निवड होय : गाडीच्या डिकीत ठेवलेली स्वतःची चार-सहा कापडे आणि मिट, कोरडी धूळ न पुसण्याची स्पष्ट सूचना, रोजच्या फडका मारण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुलाई, आणि त्या वाढीव कष्टाचे वेगळे पैसे. यंत्रासाठी बाजूला काढलेल्या रकमेचा एक हिस्सा या कामी लावला, तर यंत्राने मिळणाऱ्या लाभापेक्षा रंगाला अधिक लाभ होईल.